सुमीची जागा

मंगळवार, संध्याकाळ

नातीने काल दाखवलेलं ते जपानी कार्टून डोक्यातून जात नाही. शाळकरी मुलगी सगळं विसरते, मैत्रीण रोज नव्याने ओळख करून देते आणि ही रोज गोड हसते. रोज! लिहिणाऱ्याने असं माणूस कधी घरात सांभाळलंय का?

आज बोरगावला कुसुमकडे गेले. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. मला नेहमी उशीर, म्हणून ती शेजारी रुमाल टाकून माझी जागा धरायची. आजही सोफ्यावर तिच्याजवळ रुमाल पसरलेला. तो उचलून बसले, तर तिने मला ढकललंच.

"ऊठ म्हातारे! दिसत नाई का तुले? सुमी येऊन राह्यली."

"आई, ह्याच तर सुमनमावशी," तिची सून म्हणाली.

"मले नको शिकवू. सुमीले दोन वेण्या आहेत."

रडू नाही, संताप आला. पण कोणावर? त्या रुमालावर? तो परत नीट पसरला आणि समोरच्या खुर्चीत बसले. ती सारखी दाराकडे बघत होती.

निघताना मलाच म्हणाली, "बाहेर सुमी दिसली तर लवकर पाठवजो."

"पाठवते," म्हणाले.