एक जूनची पोरं

आप्पा,

हे पत्र टाकायला पत्ता न्हाय, तरी लिहिते.

झेडपीच्या शाळेत छत्तीस वर्षं, आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसली की पोराच्या नावापुढं तुम्ही एक जून लिहायचा. माझी तारीख तर तुम्हाला पक्की ठाऊक होती, तरी माझ्याही नावापुढं तीच लिहिलीत. दहावीत मी त्यावरून लई भांडले. तुम्ही एवढंच म्हणालात, "शाळंत तू गुरुजीची पोरगी न्हायस. त्यांच्यातलीच एक."

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या एक जूनला ती सगळी पोरं दारात आली. कुणाचे केस पिकलेले, कुणाच्या कडेवर नातू. शांतलिंगनं केक आणला होता. म्हणाला, "गुरुजींनी दिलेला वाढदिवस हाय, दुसरीकडं कुठं करावा?" त्यांच्यासोबत मीही सुरीला हात लावला. तेव्हा कुठं तो जुना राग उतरला.

काल सतरा ऑक्टोबर होता. दरवर्षी या दिवशी तुम्ही लोहाऱ्याहून पेढे आणायचा आणि माझ्या हातावर ठेवायचा. आई गेल्यापासून ही तारीख तुम्हालाच तेवढी ठाऊक होती.

काल मी दिवसभर दार उघडं ठेवलं.

तुमची,
सतरा ऑक्टोबरची शिवकन्या