पाणी गढूळ, अध्यक्ष पोचलेले

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (वाकताना पाठीत जी कळ आली, तिच्यासकट पोचवते आहे). तुमचा गुडघा आता बरा असल्याचं समजतं. मामींनी फोनवर तसं सांगितलं, पण मामी पडल्या तुमच्या बाजूच्या साक्षीदार, त्यामुळे या वृत्ताला स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. खुद्द मामींचा रक्तदाब उतरल्याची चर्चा आहे. तो खरोखर उतरला असल्यास आनंद वाटेल. इकडे आम्ही सगळे कथितरीत्या मजेत आहोत.

हसू नका मामा, मी हे मुद्दाम करत नाही. वर्तमानपत्रांची वकिली करून करून माझी जीभच अशी वळली आहे. छापण्याआधी मजकूर माझ्याकडे येतो आणि मी त्याचे दात काढून तो परत पाठवते. ‘पैसे खाल्ले’ असेल तर ‘खाल्ल्याचा आरोप’, मग ‘आरोप झाल्याची कुजबुज’, आणि समोरचा माणूस फारच वजनदार असेल तर नुसतंच ‘जेवणाबाबत मतभेद’. परवा नवऱ्यानं विचारलं, दार नीट लावलंस का? मी म्हटलं, माझ्या माहितीप्रमाणे. तो बिचारा उठून बघून आला. (आमच्या घरात माझ्या शब्दावर आता कुणी विसंबत नाही.) तुम्हा सगळ्यांना वाटतं, आपली पोरगी अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी लढते, म्हणजे कोर्टात मूठ आवळून भाषणं ठोकते. प्रत्यक्षात मी बोलू पाहणाऱ्यांना गप्प कसं बसावं हे शिकवते, आणि त्याची फी घेते.

असो. पत्राचं कारण म्हणजे मी एक खटला जिंकले आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर चार पानी साप्ताहिक काढतात. सगळे त्यांना ऱ्हस्वदीर्घ म्हणतात. कारण त्यांना कुणी कायदेशीर नोटीस पाठवली की ते तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून, खाली दहापैकी गुण देऊन ती परत पाठवतात. (एका नामांकित वकिलाला दोन मिळाले होते. तो अजून माझ्याशी बोलत नाही.) तर या ऱ्हस्वदीर्घांनी शोधून काढलं की पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षांनी नवे म्हणून जे पाइप जमिनीत पुरले, ते जुनेच गंजके पाइप रंग मारून पुरले होते. रंग आठवड्याभरात सुटला आणि नळाला तांबडं पाणी येऊ लागलं. गल्लोगल्ली पोरं आजारी पडली. खुद्द ऱ्हस्वदीर्घांची नात कावीळ होऊन अंथरुणाला खिळली. त्यांच्याकडे फोटो होते, पाइपचा तुकडा होता. त्यांनी मथळा दिला होता एका शब्दाचा: चोर.

तो मथळा मी खोडला. वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. त्याऐवजी मी सुचवलं, ‘पाणी गढूळ, अध्यक्ष पोचलेले’. वाचणाऱ्याला कळेल, कोर्टाला कळणार नाही, असा माझा हिशेब. (स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी इतकी खूश होते की दोन कप चहा प्याले.)

अध्यक्षांनी बदनामीचा दावा ठोकला. पाइपांवर नाही हं. पाइपांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. दावा केवळ ‘पोचलेले’ या शब्दावर. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणणार होते, पण सवयीनं ‘कथित चोराच्या’ असंच तोंडात येतं.

सुनावणीत मजा झाली, ती मात्र सांगते. त्यांच्या वकिलाची पंचाईत अशी की दावा जिंकायचा तर त्या शब्दाचा वाईटात वाईट अर्थ त्यानंच सिद्ध करायला हवा. माणूस मन लावून काम करणारा. पोचलेला म्हणजे पट्टीचा लबाड, बारा गावचं पाणी प्यायलेला, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, असं तो मोठ्यानं सांगत सुटला. आणि हा शब्द ऐकताच कुणाच्याही डोळ्यांपुढे आमचेच अध्यक्ष उभे राहतात, असंही वर म्हणाला. पहिल्या रांगेत बसलेले अध्यक्ष मागून त्याचा डगला ओढत होते. मग मी उठले. पोचलेला म्हणजे ज्याची साधना पूर्ण झाली तो, थोरामोठ्यांना, साधुपुरुषांना आपण आदरानं पोचलेले म्हणतो, शब्दकोश पाहावा, असं मी अर्धा तास डोळे मिटून सांगितलं. कोर्टाला चक्क मामा बनवलं म्हणा ना. (क्षमा असावी. भाषेनं तुमच्या नात्यावर हा अन्याय का केला, ठाऊक नाही. दावा लावायचा असल्यास कळवा.)

ऱ्हस्वदीर्घांना साक्षीला उभं केलं, तेव्हा तुम्हाला काय अभिप्रेत होतं, हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर मीच पढवलं होतं. मास्तर पिंजऱ्यात कठडा धरून उभे होते. माझ्याकडे बघत ते पुटपुटले, “शब्दकोशात चांगला अर्थ आहे, तो.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी समोर पाहिला, आणि मारणारी मीच होते.

निकाल आमच्या बाजूनं लागला. सदर शब्द हा अध्यक्षांच्या आत्मिक उंचीचा गौरव आहे, सबब बदनामी नाही. हरलेले अध्यक्ष जिंकलेल्यापेक्षा आनंदात होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आता निकालातला तो परिच्छेद चौकट करून त्यांच्या कचेरीत खुर्चीच्या मागे टांगला आहे, आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी तो वाचायला लावतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आजवर ऐकलं होतं. मी चोरालाच संन्यासी करून सोडलं.

वकीलमंडळींनी अभिनंदन केलं. संध्याकाळी ऱ्हस्वदीर्घ माझ्या ऑफिसात आले, निकालाची प्रत टेबलावर ठेवली. तिच्यात एकही लाल खूण नव्हती. म्हणाले, “बाई, आपण जिंकलो ना? मग माझ्या घरी पाणी अजून तसंच कसं?” दुसऱ्या दिवशी त्यांनी साप्ताहिक बंद केलं. मला फार वाईट वाटतं मामा. हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात ‘कथित’ घालायला जागा नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाची

ता.क. गुडघ्याची चौकशी मनापासून केली आहे, पण पत्र त्यासाठी नाही. तुमचा छापखाना अजून चालतो का? इथले सगळे छापखानेवाले नकार देतात, त्यांच्याही नळाची तोटी समितीच्या हातात आहे. साप्ताहिकाचा एकच अंक काढायचा आहे. मास्तर तयार झाले आहेत. मथळा त्यांचाच, पहिला, एका शब्दाचा. लेखाखाली नाव मात्र माझं असेल.

ता.क. २. वकिलीची सनद जाईल, असं नवरा म्हणतो. जाईलही.

ता.क. ३. छापल्यावर तुम्हाला नोटीस येणार, हे नक्की. ती आली की कुठल्याही वकिलाकडे जा, पण माझ्याकडे पाठवू नका. मी जिंकून देईन.