हनुवटीखालचा पट्टा

७ मे
सक्करदऱ्याच्या तलावाकडे निघालो की स्कूटरला किक मारायच्या आधी मधुकर माझं तोंड बांधायचा. स्वतःच्या हातानं. पांढरा दुपट्टा डोक्यावरून, हनुवटीखालून, नाकावरून – नुसते डोळे उघडे – आणि टोक डाव्या कानामागे खोचायचा. "लू लागन ना वं तुले!" उन्हाच्या झळांवर उतारा म्हणून त्याच्या खिशात कांदा, माझ्या पर्समध्येही कांदा. रसवंतीवर पोचलो की म्हणायचा, "सोड आता. रस का डोळ्यानं पिशीन?" नवं लग्न होतं.

आज पट्टा आवळताना आठवलं. हा पट्टा धंतोलीतल्या डॉक्टरांचा. ओढून शिवलेली कातडी जागेवर बसावी म्हणून डोक्यापासून हनुवटीपर्यंत सगळं गच्च धरणारा. आंघोळ सोडून काढायचा नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री! कुलर नुसता ओला वारा फेकतो. पट्ट्याखाली घाम, घामाखाली टाके. साधी जांभई आली तरी जीव जातो.

९ मे
खरं कोणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरांना म्हटलं, लग्नाचा वाढदिवस येतोय. रोहित पुण्याहून फोनवर ओरडला – "आई, या वयात फेसलिफ्ट? तेही बाबांचं असं असताना?"

बाबांचं असं आहे म्हणूनच रे!

मधुकर मला काकू म्हणतो. एकेक करून सगळं विसरत गेला, त्यात माझं हे सुरकुतलेलं तोंडही गेलं. "काकू, गोपिका आली नाही काय अजून बाजारातून?" मीच गोपिका, हे सांगून सांगून थकले. पण लग्नाचा अल्बम उघडला की बोट अचूक माझ्यावर. "ही गोपू!" तिथूनच हे वेड डोक्यात शिरलं. ते तोंड परत आणलं तर?

महिनाअखेर रोहित येणार. बाबांना पुण्याला, अशा माणसांना सांभाळतात त्या केंद्रात न्यायचं म्हणतो. "ते तुला ओळखतसुद्धा नाहीत, आई. कोणासाठी झिजतेस?"

त्याच्यासमोर मधुकरनं एकदा मला ओळखावं. एकदाच!

१० मे
दुखतंय. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, दुखणं देवाला अर्पण करा. घे बाबा, सगळं घे.

१२ मे
आरशात साक्षात सिस्टर! डोक्याभोवती, हनुवटीखाली तीच पांढरी चौकट, फक्त गाल काळेनिळे. शाळेत आम्ही पैज लावायचो, सिस्टरांना कान असतात की नाही. हसू आलं आणि टाके ओढले गेले. हसायचीही चोरी!

कांताबाई – मधुकरचं सगळं तीच करते, सध्या माझंही – म्हणाली, "बाई, मे महिन्यात माकडटोपी! अन् गाल तं असे सुजले, जसे दोन्हीकडं लाडू कोंबले. साहेब भिऊन जातीन ना!"

म्हणून मागच्या खोलीत बसते. नवं तोंड तयार होईस्तोवर त्याच्या नजरेला पडायचं नाही.

१४ मे
मधुकर दार ढकलून आत आला! मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यानं हात बाजूला केले. कितीतरी वेळ बघत राहिला. मग दोन बोटांनी पट्ट्याची कड माझ्या डाव्या कानामागे दाबून बसवली. नेमकी टाक्यांवर. कळ मस्तकात गेली. मी हललेसुद्धा नाही.

"गोपू, ऊन लागून राहिलं काय वं? सोडू नको अजून."

गोपू म्हणाला.

२१ मे
डॉक्टरांनी पट्टा काढून हातात आरसा दिला. चांगलं झालंय, खोटं कशाला लिहू. गाल वर, मान घोटीव. जवळजवळ अल्बममधली मी. घरी येऊन अंजिरी साडी नेसले, मधुकरसमोर जाऊन बसले.

त्यानं हात जोडले. "नमस्कार. कोणाकडे आल्या तुम्ही?"

आता काकूसुद्धा नाही. काकू निदान घरातली होती!

आत गेले, पट्टा चढवला, बाहेर आले.

"आली काय वं? कोणी बाई येऊन बसली होती. गेली."

२५ मे
कानामागे चिघळलंय. डॉक्टर रागावले – "फक्त झोपताना लावा म्हटलं होतं. बाकीच्यांना काढायची घाई असते, तुम्हाला लावायची!"

काय सांगणार त्यांना? देवा, काय करून बसले मी? जे तोंड तो उघडं ओळखूच शकत नाही, ते कापून घेतलं!

ट्रंकेतून तो जुना पांढरा दुपट्टा शोधून काढला. पिवळा पडलाय. आता घरात, पंख्याखाली, तोंड बांधून फिरते.

२९ मे
रोहित आला. मी दुपट्टा बांधूनच चहा पुढे केला. मधुकर त्याला म्हणाला, "ही आमची गोपू. उन्हातून आली. लाजून राहिली तुमाले." आपल्याच मुलाला! जेवणं झाल्यावर रोहित स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "राहू दे आई. इथेच राहू दे त्यांना."

जिंकले. माझे डोळे ओळखतो तो. तोंड गेलं उडत, डोळे ओळखतो!

३१ मे
दुपारी मी केस वाळवत मधुकरच्या शेजारी बसले होते. तोंड उघडं. तो पेपर उलटा धरून वाचत होता. कांताबाई जरीपटक्याच्या बाजारातून भाजी घेऊन आली – उन्हातून, ओढणीनं तोंड बांधून, नुसते डोळे उघडे.

तो धडपडत उठला. तिच्या ओढणीचं टोक डाव्या कानामागे खोचलं. "गोपू! काहून इतका उशीर केला वं?"

कांताबाई थिजली. "बाई, म्या काही नाई केलं!"

मला माहीत आहे, कांताबाई.

१ जून
मी आधी गेले तर – मोत्याच्या कुड्या सुनेला, नूपुरला. अल्बम रोहितला. डॉक्टरांचा पट्टा फेकून द्यावा. पांढरा दुपट्टा कांताबाईला. तिनं तो डोक्यावरून, हनुवटीखालून, नाकावरून घ्यावा आणि मधुकरला चहा द्यावा. मी गेल्याचं त्याला सांगू नये. टोक मोकळं सोडावं. ते तो खोचेल.