पोटाला खिडकी

अबुधाबी, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आईस,
जय ख्रिस्त. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले तर मी किंचाळेन, म्हणून लिहिते. प्रेस्टनदादा उद्या वसईला येतोय, त्याच्या हातात देते.

जॉनच्या बहिणीने, टेसाने, सातवा महिना लागला म्हणून एक फ्रेम भेट आणली. युरोपातल्या कुठल्याशा जुन्या चर्चमधलं चित्र. पोटुशी मरिया पोटुश्या एलिझाबेथला भेटायला आलीय, आणि शी! दोघींच्या पोटाला खिडकी! आत बाळं नाहीतच, बोटाएवढे तयार पुरुष. मरियेच्या पोटात येशू आशीर्वाद देतोय, एलिझाबेथच्या पोटात तिचा योहान गुडघे टेकून हात जोडतोय. टेसा कौतुकाने सांगत होती, काही चित्रांत तर येशू खांद्यावर क्रूस घेऊन किरणावरून घसरत मरियेकडे येतो. पुढे चर्चमधल्याच मोठ्या लोकांनी असल्या चित्रांना नावं ठेवली म्हणे. त्यांचं म्हणणं, देह आईच्या रक्तामांसाचा, वरून रेडीमेड येत नाही. मी बेसिन गाठलं. ओकारी, खलास.

तोंड धुताना आठवलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले आणि सहाव्या महिन्यातच सगळं गेलं, तेव्हा तू म्हणालीस, काही नव्हतं गं, नुसता गोळा होता. मी मानलं. आता सहाव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये मी या बाळाचं नाक बघितलंय, बोटं मोजलीत. मग गोळा कसला? त्या शब्दाची घाण वाटते मला, आई. त्याचं काय केलंत? खरं लिही. नाहीतर बाळंतपणाला येऊ नकोस, तुझा व्हिसा मी कॅन्सल करते.

रागावले आहे, तरी तुझीच,
ओल्गा

वसई, १९ नोव्हेंबर

चि. सौ. ओल्गास,
अनेक आशीर्वाद.

त्या टेसाला काही अक्कल? पोटुशी बाईला असलं ओंगळ चित्र देतात? फेकून दे आधी.

एवढं लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता.

मुलगा होता. नर्सने स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेला, आणि छाती हलत होती. डॉक्टर म्हणाले, हा वाचणार नाही. तिकडे तुझं रक्त थांबत नव्हतं. फादरना बोलवायला वेळ कुठला! मी नळाखाली ओंजळ धरली आणि त्याच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. नाव सुचेना, तुझ्या पपांचंच दिलं, पास्कल. पाच मिनिटं होता. पपांच्याच कबरीत ठेवलाय. तुला कळलं तर तू पुन्हा उभी राहणार नाहीस, असं वाटलं. आमच्या वेळी बाईला गोळाच सांगायचे. माझ्या सासूने मलाही एकदा तसंच सांगितलं होतं. खरं की खोटं, मी कधी विचारलं नाही.

तू सुट्टीत येऊन पपांना मेणबत्ती लावतेस, तेव्हा मी मागे उभी असते. माझी मलाच किळस येते गं.

येऊ की नको, तूच कळव. लोभ कमी झाला असला तरी थोडा राहू दे.
तुझी आई

अबुधाबी, २६ नोव्हेंबर

प्रिय आईस,
जय ख्रिस्त.

तुझं पत्र जॉनने वाचून दाखवलं, मला जमेना. राग गेलेला नाही. तू त्याला पाहिलंस आणि मला एकदा बघूही दिलं नाहीस! ते चित्र टेसाला परत केलं. भिंतीवर ते मला आजही सहन होणार नाही.

तिकीट पाठवते, जानेवारीत ये. त्याआधी पपांच्या कबरीवर पास्कल हे नाव दुसऱ्यांदा कोरून घे.

हाही मुलगाच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. याला पपांचं नाव द्यायचं जॉनने आणि मी ठरवलं होतं. आता दुसरं शोधतोय. ते नाव मोठ्याचं आहे.

वाट बघते,
ओल्गा