खोक्यातले जादा हात

आई, तुझ्या कोणत्या हाताचं बोट गेलेलं होतं, डाव्या की उजव्या, हे मला गेला महिनाभर आठवत नव्हतं. ते कडबाकुट्टीत गेलं, मी जन्मायच्या आधी गेलं, अंगठ्याशेजारचं गेलं आणि मुळाशी एक पेर तेवढं राहिलं, हे सगळं मला पाठ आहे. हात कोणता, ते मात्र नाही. पोटच्या पोरीला एवढंही सांगता येऊ नये, याचा तुला राग आला असता की बरं वाटलं असतं? बहुधा बरंच वाटलं असतं, कारण तू जन्मभर त्याचाच बंदोबस्त केलास. लग्नात तुमचा फोटो कुणी काढला नाही. नंतरचे जे तीन-चार आहेत, दादाच्या बक्षिसाचा, जुन्नरला स्टुडिओत काढलेला, बोरीच्या घरासमोरचा, त्या सगळ्यांत तुझे दोन्ही हात पदराखाली आहेत. चेहरा हसरा आहे आणि हात नाहीत.

मी काय काम करते ते तुला कसं सांगावं कळत नाही. मी बाहुल्या करते. असं म्हटलेलं आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडत नाही, ते फिगर म्हणतात. जपानी कार्टूनमधली माणसं असतात, वीतभर उंचीची, खांद्यात, कोपरात, गुडघ्यात वळणारी. मोठी मोठी माणसं त्या विकत घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात आणि त्यांच्याशी खेळत नाहीत. ‘खेळायचं नाय तर मग आणली कशाला?’ हे तू विचारणार, ते मला ऐकू येतं. पुण्याच्या एका स्टुडिओकडून काम येतं आणि मी जुन्नरलाच, बाजारातल्या एका माडीवर ते करते. चेहरा एक जण करतो, केस दुसरा, कपड्यांच्या चुण्या तिसरा. माझ्याकडे हात असतात. प्रत्येक फिगरच्या खोक्यात जादा हात द्यावे लागतात, मूठ वळलेले, तळवा उघडा असलेले, तलवार धरणारे. मनगटाशी खुंटी असते, एक हात उपसायचा आणि दुसरा बसवायचा. मी ते कॉम्प्युटरवर घडवते, मशीनवर प्लास्टिकमध्ये छापून काढते, स्पिरिटने धुते, दिव्याखाली वाळवते आणि पॉलिशपेपरने घासते. छापताना आधाराला बारीक टेकू येतात, ते काढताना बोटं फार मोडतात. मग परत छापायचं. अशी कितीतरी बोटं माझ्या टेबलाखालच्या डब्यात पडलेली असतात.

स्टुडिओतून एका म्हातारीचं काम आलं. ही म्हातारी गोष्टीत डोंगरात राहते, आल्यागेल्याला औषध देते, आणि तिच्या अंगात लांब बाह्यांचा झगा आहे. तिची पुढून, मागून, बाजूने काढलेली चित्रं आली, पण एकाही चित्रात तिचे हात दिसत नाहीत, कायम बाह्यांत. खाली लिहिलं होतं की हात करणाऱ्याने आपल्या अंदाजाने करावेत. मी ते दोनदा वाचलं. मग ठरवलं, ह्या बाईला तुझे हात द्यायचे. फोटो नाही तर नाही, हे तरी जगात राहतील. आणि पेन हातात घेतल्यावर कळलं की मला तुझे हात येत नाहीत.

मला आठवतो तो तुझा ओरडा. चुलीपुढे आपण जेवतोय, तू भाकरी मोडून माझ्या ताटात टाकतेस आणि मी त्या आखूड बोटाकडे टक लावून बघते. तू म्हणतेस, “हाताकडं काय बघती? ताटात बघ.” मारलं नाहीस, आवाजही चढवला नाहीस, पण मी ताटात बघायला शिकले ती शिकलेच. त्याच वर्षी तू जुन्नरच्या बाजारातून मला प्लास्टिकची बाहुली आणलीस. आठवड्याच्या आत तिचा हात निखळला. तू सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापलीस, केसांतल्या आकड्याने ती बाहुलीच्या पोटातून ओढलीस आणि हात परत लावून दिलास. रबर जरा जास्तच ताणलं गेलं आणि तेव्हापासून तो हात कायम वर. “हिला सारखं मास्तरीणबाईला काहीतरी इचारायचं असतंय,” म्हणालीस आणि आपण दोघी खूप हसलो. ते सगळं तू माझ्या पुढ्यात बसून केलंस, म्हणजे तुझे हात मी तेव्हा पाहिले असणारच. पण मला दिसतो तो बाहुलीचा हात.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “उजवा. मला चांगलं ठावं हाय. पण आता हे कशाला काढलंस?” मग कळंबला मावशीकडे गेले. मावशीचे हात तुझ्यासारखे, असं सगळे म्हणायचे, म्हणून तिच्या हातांचे फोटो काढायचे होते. तिने हसत हसत हात पुढे केले, आधी पदराला पुसून. तुझं विचारल्यावर म्हणाली, “डावा गं. दवाखान्यात मीच व्हते तिच्यासंगं.” मी म्हटलं, दादा उजवा म्हणतो. तशी ती म्हणाली, “डावाच आसंल. का उजवा? रगात लई व्हतं, फडकं गुंडाळलेलं...” आणि मग ती आपल्याच हातांकडे बघत राहिली. “सख्ख्या भनीचा हात, आन् मला सांगता येईना,” असं म्हणून रडायला लागली. मी तिला रडवायला गेले नव्हते. चहा करून दिला आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

हात तर घडवला. मावशीच्या फोटोंवरून पेरं घेतली, जाड नखं घेतली, तळव्याच्या भेगा घेतल्या. हे करताना एक गोष्ट लक्षात आली, तू म्हातारी झालीच नाहीस. तू गेलीस तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा लहान होतीस. तुझा हात मला म्हातारा करावा लागला, शिरा वर काढाव्या लागल्या, कातडी सैल करावी लागली, आणि ते मला फार जड गेलं. कॉम्प्युटरवर एक बटण असतं, एक हात तयार झाला की ते दाबायचं, आरशातल्यासारखा दुसरा तयार. मी तुझा आखूड बोटाचा हात डावा करायची, उजवा करायची, परत डावा करायची. दोन्ही तुझेच वाटत होते, आणि त्यामुळे एकही तुझा वाटत नव्हता.

परवा सकाळी केस बांधत होते. कामाला बसताना केस बांधावेच लागतात, नाहीतर ताज्या छापलेल्या हातांना चिकटतात. डाव्या हाताने केस मुठीत धरले, बोट कानाच्या वर टेकलं, आणि तिथे मला दुसरंच काहीतरी जाणवलं. बोथट, गुबगुबीत, घट्ट दाबणारं. शाळेत जाण्याआधी तू वेणी घालायचीस तेव्हा उजव्या हातात फणी असायची आणि डाव्याने केस आवळून धरायचीस. ते पेर माझ्या कानावर टोचायचं, मी मान हलवली की टपली बसायची. समोर बसलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. दादा तुझ्यासमोर ताट घेऊन बसायचा, त्याच्या डोळ्यांत तो उजवीकडचाच राहिला. पण वेणी घालताना तू माझ्या पाठीमागे होतीस, तुझा डावा तोच माझा डावा. मी केस तसेच सोडून खाली बसले. इतक्या वर्षांनी तू मला भेटलीस असं वाटलं, आणि ते कानाएवढ्या जागेत.

डावा हात करून पाठवला. काल स्टुडिओतल्या मुलाचा फोन आला. पोरगा चांगला आहे, मला ताई म्हणतो. “ताई, एक बोट फाइलमध्येच अर्धं आलंय.” म्हटलं, अर्धं नाही, तेवढंच आहे. तो म्हणाला, “गोष्टीत तसं कुठं आहे का?” नव्हतं. “मग लोक खोकं उघडतील आणि म्हणतील, तुटका माल पाठवला. सगळे पीस परत येतील, ताई.” त्याचं बरोबर होतं. घेणाऱ्याला काय माहीत, हे बोट कुणाचं आणि का नाही ते. मला भांडता आलं असतं, पण कशावर भांडणार? तो तुटका म्हणाला तेव्हा मला तुझा पदर दिसला. मी म्हटलं, पूर्ण करून देते.

आज दुपारी ते बोट लावलं. मावशीच्या बोटाचे फोटो समोरच होते, नीट काम करायचं तर तेच घ्यायला हवं होतं, बाकीचा हात तिच्यावरूनच घेतलाय. पण तुझं ते बोट मी कधी पाहिलेलंच नाही. ते कसं होतं, सरळ की जरासं वाकडं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. मी माझा डावा हात दिव्याखाली धरला आणि माझंच बोट बघून केलं. वरून थोड्या सुरकुत्या घातल्या. स्टुडिओत कुणाला सांगितलं नाही, मावशीलाही सांगणार नाही. त्या हाताला ते बोट नीट शोभत नाही, आई, पण मी तेच पाठवलं.