तहानलेलं छप्पर

प्रिय यिल्वा,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझं गणितच चुकलं. गुरुवारी वसाहतीच्या सभेत बाकीची चार छपरं हिरवी करायचा बेत मी मागे घेते." मी नुसतं हं हं केलं आणि हवापाण्यावर घसरलो. तुझा आवाज मात्र दिवसभर कानातून जाईना.

इकडे माझं झकास चाललंय. गुडघा कुरकुरत नाही. शेपू घालून उकडलेले नवे बटाटे रोज चापतो. शेजारच्या गुनवोरचं तोंडही नेहमीसारखं चालू आहे.

वसाहतीच्या सामायिक धुलाईघरावरचं तुझं हिरवं छप्पर पाहिलं की माझा अजून ऊर भरून येतो. पूर्वी मोठी सर आली की खालच्या तळघरात घोटाभर पाणी साचायचं. तू वर चार बोटं माती घातलीस, जाड पानांची रोपं लावलीस, खाली उतरणाऱ्या पाइपाला पाणी मोजायचं यंत्र बसवलंस, आणि दोन वर्षं तळघर कोरडं राहिलं. यंदा जुलैत पावसानं दडी मारली. सबंध माल्मो शहर वाळलं, तुझी रोपं तांबडी पडली. "हात लावू नकोस, ती मरत नाहीत," असं तू बजावलं होतंस. पण गुनवोर चादरी धुवायला आली की सुरू व्हायची, "काय रे अल्गोट, लेकीच्या कुरणात आता उंट सोडायचे का?" मला ते फार लागायचं गं.

तुझा निवडुंग आठवतो? नऊ वर्षांची होतीस, शिबिराला जाताना माझ्यावर सोपवून गेलीस. परत आल्यावर गळ्यात पडून म्हणालीस, "बाबा, किती छान सांभाळलास!" तो तुझा निवडुंग नव्हताच. तुझा मी रोज पाणी घालून कुजवला होता. बाजारातून तसाच दुसरा आणला आणि शाबासकी खिशात घातली.

जित्याची खोड, दुसरं काय! जुलैभर रोज सकाळी शिडी लावून मी नळीनं तुझं छप्पर भिजवत होतो. महिनाअखेर ढगफुटी झाली त्या दिवशीसुद्धा. आधीच पोटभर प्यालेलं ते, आभाळाचं पाणी ठेवणार कुठं? सगळं पाइपातून खाली आलं, तळघरात शिरलं, गुनवोरच्या चादरी तरंगल्या. आणि तू तीन आठवडे तुझ्या गणितात चूक शोधत बसलीस, मी गप्प राहिलो. मला लाज वाटते, पोरी. त्या दिवसापासून नळीला शिवलो नाही. परवा रविवारी पाऊस लागला तेव्हा मी पाइपाला कान लावून उभा होतो. अर्धा तास आत टिपूस वाजलं नाही. यंत्रातले आकडे तूच बघ. बेत मागे घेऊ नकोस. हे पत्र गुरुवारी सभेत मोठ्यानं वाच, मी गुनवोरच्या शेजारच्या खुर्चीत बसेन. आणि निवडुंगाचा भाग गाळू नकोस, नाहीतर नळीचं कुणाला खरं वाटायचं नाही.

नळी गुंडाळून ठेवलेला,
तुझाच,
बाबा