दारातला फोटो

माय,

तुझ्या पायावर डोकं ठेवते. आमी सगळे खुशाल हाव, लेकरं शाळेत जातेत. आबाचा गुडघा आता कसा हाय?

नाथाभाऊनं तुला मोबाईलवर दाखवलेल्या जाहिरातीत दारात उभी हाय ती मीच. पण माय, ते घर आपलं न्हाई गं. मी तिथं झाडायला जाते. हातातला झाडू त्यांनी फोटोतून काढून टाकला. तसल्या एका घराला तीन कोटी मागतेत. घेणारे कुठून येतेत, देवाला ठाऊक.

तू गावभर सांगितलंस. आता नव्या घरात उतू घालवायला आपल्या शेळीचं दूध घेऊन निघतीस म्हणं. हात जोडते, निघू नको. पुढची घरं आमच्या पत्र्याच्या खोल्या पाडून बांधणार हायेत. दिवाळीच्या आत खोली सोडा म्हणालेत. दुसरीकडं लई फिरलो, भाडं ऐकूनच माघारी आलो. फोनवर सांगायचा धीर झाला न्हाई.

एक विचारते. शेळ्यांच्या गोठ्याला लागून खोली हाय, तिच्यात कडबा भरलास का? भरला असशील तर बाहेर काढ.

दूध तिथंच उतू घालवू.

तुझीच,
रोहिणी